आधी वर्कशॉप बघून या, मग फॉर्म भरा

दहावीचा निकाल लागला आणि दरवर्षीसारखा या सदराकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. बहुतेक पत्रांत मुलं विचारतात "ताई, काय घेऊ?" आणि आईवडील विचारतात "काय घ्यायला लावू?" सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून ज्यातून इतरांचंही काम होईल अशी सात पत्रं यावेळी घेतलीत. मी पॉलिटेक्निकला शिकवते आणि ऍडमिशनच्या दिवसात फॅसिलिटेशन सेंटरवर कागद तपासायला बसते. तिथे समोरच्या खुर्चीत मुलगा नाहीतर मुलगी असते, मागे काका मामा वडील उभे असतात, आणि बोलायचं काम सगळं मागचेच करतात. म्हणून एक विनंती, हे वाचताना मुलांना शेजारी बसवून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही औसा तालुक्यातले, घरची शेती आहे. मुलाला ६२ टक्के पडलेत. त्याला मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचाय, घरची पाण्याची मोटर तो स्वतः खोलून बसवतो, ट्रॅक्टरचंही बरंच कळतं. पण त्याचे वडील म्हणतात अकरावी सायन्स घे, लातूरला क्लास लावू, डिप्लोमा कमी मार्कवाल्यांसाठी असतो. क्लास, रूम, मेस सगळं धरून खर्च खूप होतोय आणि तो सोयाबीनच्या पैशावर उभा करायचाय. मी कोणाची बाजू घेऊ?

उत्तर : ताई, आधी वर्षं मोजू म्हणजे घरातलं अर्धं भांडण मिटेल. अकरावी बारावी दोन वर्षं आणि मग इंजिनियरिंगची चार, झाली सहा. डिप्लोमा तीन वर्षं आणि मग डायरेक्ट सेकंड इयरला ऍडमिशन घेऊन डिग्रीची तीन, तीही सहाच. म्हणजे डिप्लोमावाल्याचं वर्ष वाया जातं हा जो समज गावागावात आहे तो चुकीचा आहे. फरक पडतो तो मधल्या टप्प्यावर. तिसऱ्या वर्षानंतर घरची परिस्थिती बिघडली, शिकायची इच्छा राहिली नाही, काहीही झालं तरी डिप्लोमावाल्याच्या हातात नोकरी मागता येईल असा कागद असतो. बारावी सायन्स करून सीईटीत, म्हणजे इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेत, कमी पडलेल्या मुलाच्या हातात त्या वेळी फक्त बारावीचं मार्कशीट असतं, तो मग रिपीट करायचं का बीएस्सी करायचं यात अडकतो. शिवाय डिप्लोमानंतर डिग्रीला जाताना सीईटी द्यावी लागत नाही, डिप्लोमाच्या मार्कांवर मेरिट लागतं, किमान ४५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०.

आता दुसरी बाजू, कारण तीही खरी आहे. डिप्लोमाला गेलं की मेडिकलची नीट परीक्षा नाही, बीएस्सी ऍग्री नाही, फार्मसी नाही, ह्या सगळ्यांना बारावी सायन्स लागतं. मुलाच्या मनात कुठेतरी शेतकी कॉलेजचा विचार असेल तर तो आत्ताच विचारून घ्या, दुसऱ्या वर्षाला गेल्यावर "मला ऍग्री करायचं होतं" म्हणणारी मुलं मी बघितली आहेत आणि तेव्हा त्यांना परत अकरावीपासून सुरुवात करावी लागते.

लातूरचं नाव उगाच झालेलं नाही, मेहनत करून घेतात आणि मुलंही करतात. पण तो सगळा सेटअप ज्याला नीट किंवा जेईईच द्यायची आहे त्याच्यासाठी आहे. ज्या मुलाचा जीव नटबोल्टात आहे त्याला दोन वर्षं सकाळ संध्याकाळ एमसीक्यू सोडवायला बसवायचं आणि त्यासाठी सोयाबीन विकायचं, हे मला पटत नाही. स्पष्टच सांगते, तुमच्या पत्रातल्या माहितीवरून मी मुलाच्या बाजूने आहे.

पण त्यालाही एक गोष्ट सांगा. मोटर खोलता येते म्हणजे मेकॅनिकल जमेल असं नाही. पहिल्या वर्षी गणित आहे, फिजिक्स केमिस्ट्री आहे, इंजिनियरिंग ड्रॉइंग आहे, आणि पहिल्या वर्षी मुलं गळतात ती बहुतेक गणितात आणि ड्रॉइंगमध्येच. विषय राहिले की आधी केटी, म्हणजे तो विषय परत द्यायचा, आणि फारच राहिले की वायडी, म्हणजे वर्ष डाऊन. मराठी मीडियमचा मुलगा असेल तर सुरुवातीचे तीन चार महिने इंग्रजीचं ओझं वाटतं, नंतर शब्द ओळखीचे होतात. मराठी इंग्रजी मिसळून पेपर लिहायचा द्विभाषिक पर्यायही आता आहे, ज्या कॉलेजला जाल तिथे तो चालू आहे का विचारा. सुट्टीत दहावीचं बीजगणित आणि त्रिकोणमिती परत एकदा नीट करून ये म्हणावं, एवढं केलं तरी पहिलं सेमिस्टर बरंच सोपं जातं.

आणि फॉर्म भरायच्या आधी मुलाला घेऊन दोन तीन पॉलिटेक्निकची वर्कशॉप बघून या. ऑफिस आणि गेट बघून परत येऊ नका, वर्कशॉपच बघा. फिटिंग शॉपमध्ये जा, व्हाइसच्या जबड्याजवळ लोखंडाचा ताजा कीस पडलेला आहे का बघा. लेथवर धूळ आहे का तेल आहे ते बघा, चालू लेथ तेलकट असतो आणि बंद लेथवर धुळीचा थर असतो, त्यात लपवता येत नाही. टेबलावर मुलांनी केलेले जॉब पडलेले असतील तर एखादा हातात घ्या, मेल फीमेल जोडी असेल तर एकात एक बसवून उजेडाकडे धरा, फटीतून किती उजेड येतो त्यावरून मुलांकडून कानस किती घासून घेतली ते कळतं. तिथे दुसऱ्या तिसऱ्या वर्षाची मुलं भेटली तर विचारा, प्रॅक्टिकल खरंच होतात का नुसतं जर्नल उतरवून सबमिशन होतं, किती सर पर्मनंट आहेत, शेवटच्या वर्षाला कंपनी कुठली येते. मुलं खरं सांगतात.

सरकारी पॉलिटेक्निकची फी काही हजारात असते, खाजगीची कितीतरी पट जास्त, त्यामुळे पर्याय भरताना लातूर, धाराशिव, सोलापूर, बीड, नांदेड असं आजूबाजूचं सगळं सरकारी आधी भरा आणि मग खाजगी. ६२ टक्क्यांना कॉम्प्युटरला अडचण येईल पण मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलला प्रयत्न नक्की करावा. पर्याय भरपूर भरा पण क्रम मनापासून लावा, कारण पहिल्या नंबरचा पर्याय लागला की तोच पक्का होतो, मग पुढच्या फेरीत बदलता येत नाही. दोनच कॉलेजं भरून वाट बघत बसणारे पालक दरवर्षी असतात आणि तिसऱ्या फेरीला रडकुंडीला येतात. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर जे लागू असेल ते आत्ताच काढायला टाका, नॉन क्रिमीलेअरची मुदत संपलेली नाही ना बघून घ्या. आणि फॉर्ममध्ये टीएफडब्ल्यूएसला हो करा, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर त्या जागेवर ट्यूशन फी माफ असते. जागा कमी असतात, मेरिटने जातात, पण हो म्हणायला काही लागत नाही.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. मुलासाठी पैसे उभे करायची त्यांची तयारी आहे ही मोठी गोष्ट आहे, तेच पैसे डिग्रीच्या तीन वर्षांसाठी बाजूला ठेवा, तेव्हा लागतील.

प्रश्न : मॅडम, मी सिन्नर तालुक्यातला आहे. मी दहावीला नापास झालो. गणितात २४ आणि इंग्रजीत २२. पप्पा बोलत नाहीत. आई म्हणते एमआयडीसीत हेल्पर म्हणून लाग. मित्र म्हणतो रिचेकिंगला टाक. मला काहीच सुचत नाही.

उत्तर : बाळा, तू स्वतःहून पत्र लिहिलंस, म्हणजे सुचायला सुरुवात झालीये. नीट ऐक.

आधी रिचेकिंग. गुणपडताळणीत फक्त बेरीज आणि न तपासलेलं उत्तर बघतात. पेपर परत तपासून हवा असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवावी लागते आणि मग पुनर्मूल्यांकन. पेपर खरंच चांगला गेला होता असं तुला आतून वाटत असेल तर प्रत मागव, त्याची मुदत लवकर संपते म्हणून शाळेत उद्याच जा. पण दोन्ही विषयांत दहा बारा मार्क वाढतील या आशेवर बसू नको, ते फार क्वचित होतं.

तुझा खरा रस्ता पुरवणी परीक्षेचा आहे. ती निकालानंतर महिना दीड महिन्यात होते, फॉर्म शाळेतूनच भरायचा, फक्त राहिलेले दोन विषय द्यायचे. तोपर्यंत सगळं गणित करायला जाऊ नको. भाग १ मधून दोन चलांतील रेषीय समीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता आणि सांख्यिकी, भाग २ मधून समरूपता, पायथागोरस आणि भौमितिक रचना, एवढं धर आणि पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं वहीत स्वतः परत सोडव. रचनांमध्ये कंपास नीट चालवली तर मार्क हातात असतात. इंग्रजीत पॅसेज, पत्रलेखन, सोपं ग्रामर रोज थोडं थोडं. शाळेतल्या सरांकडे जायला लाजू नको, नापास मुलगा परत आला की शिक्षकाला बरं वाटतं, मी शिक्षिका आहे म्हणून सांगते.

दोन विषयांपर्यंत राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला तात्पुरता प्रवेशही मिळतो, पण ते विषय नंतर सोडवावेच लागतात. त्यापेक्षा आधी पुरवणी दे असं माझं मत आहे. आणि समजा पुढे शाळेची पुस्तकं नकोशीच झाली तर आयटीआयमध्ये दहावी नापास मुलांसाठी वेगळे ट्रेड आहेत, वायरमन, वेल्डर, प्लंबर, कारपेंटर असे. वेल्डर एका वर्षाचा आहे आणि चांगला वेल्डर सिन्नर, अंबड, सातपूर कुठेही बेकार राहत नाही. शाळा सुटून गेली तरी नंतर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतूनही देता येते आणि तिथे आधी पास झालेल्या दोन विषयांचे मार्क पुढे घेता येतात. म्हणजे दहावी कायमची गेली असं काही नसतं.

हेल्परचं काम वाईट नाही, पण १६ व्या वर्षी हेल्पर म्हणून लागलेला मुलगा २६ व्या वर्षी पण हेल्परच असतो कारण कागद नसतो. हे आईला वाचून दाखव. आणि पप्पांना, तुम्ही हे वाचत असाल तर आजच त्याच्याशी बोला, तो पुरवणीला बसणार आहे आणि त्याला घरात कोणीतरी सकाळी उठवणारं पाहिजे. आणि बाळा, फारच जड वाटायला लागलं तर ते मनात ठेवू नको, घरात नाहीतर शाळेत ज्याच्यावर विश्वास आहे त्याला सांग, मला परत लिहिलंस तरी चालेल.

प्रश्न : ताई मी पंढरपूर तालुक्यातून लिहितेय, मला ७१ टक्के आहेत आणि आयटीआय इलेक्ट्रिशियन करायचंय. घरचे म्हणतात मुलीने ड्रेसमेकिंग नाहीतर कोपा, म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड, घे. इलेक्ट्रिशियनला मुली नसतात, खांबावर कोण चढणार म्हणतात. मला शिवणकामात अजिबात रस नाही.

उत्तर : अगं मग घे इलेक्ट्रिशियन. आयटीआयच्या प्रत्येक ट्रेडला मुलींना प्रवेश आहे आणि मुलींसाठी राखीव जागा असतात. इलेक्ट्रिशियनला मुली कमी असतात हे खरं आहे, पण बिलकुल नसतात हे खरं नाही, महावितरणमध्ये महिला तंत्रज्ञ काम करतायत आणि त्या खांबावरही चढतात. आणि सगळं काम खांबावर नसतंच. कंट्रोल पॅनल वायरिंग, मोटर वाइंडिंग, कंपनीतलं मेंटेनन्स, सोलर, लिफ्ट, हॉस्पिटलचा इलेक्ट्रिकल विभाग, सबस्टेशन, कितीतरी ठिकाणी हा ट्रेड लागतो. पॅनल वायरिंगच्या कामाला कंपन्या मुलींना आवर्जून घेतात कारण ते काम बारकाईचं आहे.

दोन वर्षाचा ट्रेड आहे. सुरुवातीला तारांचे जॉइंट करायला शिकवतात, साधा, मॅरिड, ब्रिटानिया, बोटं सोलवटतात पहिल्या महिन्यात, मग बोर्डवर जिन्याचं वायरिंग, म्हणजे खालून लावलेला दिवा वरून बंद करायचा ते, मग गोडाऊन वायरिंग, मग मोटर, ट्रान्सफॉर्मर. जिन्याचा दिवा पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी लागला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. शिवणकाम येणाऱ्या मुलीचंही मला कौतुक आहे, पण ज्यात मन नाही ते मुलगी आहे म्हणून घ्यायचं याला काही अर्थ नाही.

घरच्यांना पुढची साखळी समजावून सांग, त्यांना भीती याची वाटते की आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं. तसं नाहीये. दहावीनंतर दोन वर्षाचा आयटीआय झाला की डिप्लोमाच्या डायरेक्ट सेकंड इयरला जाता येतं आणि डिप्लोमानंतर डिग्रीच्या सेकंड इयरला. किंवा आयटीआयनंतर अप्रेंटिसशिप, तिथे स्टायपेंड मिळतो आणि शेवटी राष्ट्रीय स्तरावरचं प्रमाणपत्र. महावितरण, रेल्वे, मोठ्या कंपन्या सगळीकडे अप्रेंटिस भरतात, आणि रेल्वेत असिस्टंट लोको पायलटला दहावी अधिक आयटीआय चालतं. फक्त एक बघ, तू घेतेस तो ट्रेड आणि ती तुकडी एनसीव्हीटीची, म्हणजे केंद्राच्या मान्यतेची, आहे का. खाजगी आयटीआय असेल तर हे ऑफिसात विचारूनच पैसे भर. जवळपास प्रत्येक तालुक्यात सरकारी आयटीआय आहे, फी नगण्य असते, तेच पहिलं घाल.

येण्याजाण्याचं मात्र घरच्यांशी मोकळेपणी बोल. आयटीआय सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो, शेवटची एसटी किती वाजता आहे, हॉस्टेल आहे का, हे प्रश्न त्यांच्या मनात असतात आणि बोलताना ते "खांबावर कोण चढणार" म्हणून बाहेर येतात. आईला एकदा सोबत नेऊन इलेक्ट्रिशियनची सेक्शन दाखवून आण.

प्रश्न : माझी भाची यवतमाळ जिल्ह्यात असते. दहावीनंतर सहा महिन्यात नर्सिंग आणि लगेच हॉस्पिटलमध्ये जॉब अशी जाहिरात बघून तिच्या आईने काही पैसे भरलेत. हा कोर्स चालतो का?

उत्तर : नर्स म्हणून नोंदणी होण्यासाठी चालत नाही. नर्सिंगचे कोर्स म्हणजे एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा, दोन्हीला बारावी लागते आणि वय १७ पूर्ण लागतं. बीएस्सी नर्सिंगला बारावी सायन्स बायोलॉजीसह आणि वर सीईटी. कॉलेजला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता नसेल तर नोंदणी होत नाही आणि नोंदणी नसेल तर सरकारी नोकरी नाही, परदेश नाही, चांगलं हॉस्पिटलही नाही, छोट्या दवाखान्यात अत्यंत कमी पगारावर राबवून घेतात तेवढंच. पैसे परत मागा, पावती असेल तर लेखी मागा. भाचीला अकरावीला घाला. एएनएमला कुठलीही शाखा चालते, त्यामुळे सायन्स झेपत नसेल तरी नर्सिंगचं स्वप्न सोडायची गरज नाही. हे मला फार कळकळीने सांगायचंय कारण अशा जाहिराती मुद्दाम लांबच्या गावात, जिथे विचारायला कोणी नाही, तिथेच चिकटवलेल्या असतात.

प्रश्न : ताई मी रत्नागिरीचा, वय १६, ५८ टक्के. मला मर्चंट नेव्हीत जायचंय. ओळखीतला एक एजंट म्हणतो चार लाख द्या, सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, काढून डायरेक्ट जहाजावर पाठवतो, ट्रेनिंगची गरज नाही. वडील मच्छीमार आहेत, कर्ज काढायला तयार आहेत.

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. वडिलांना आजच सांग.

दहावीनंतर जहाजावर खलाशी म्हणून जायचा सरळ रस्ता आहे, त्याला जीपी रेटिंग म्हणतात. सहा महिन्यांचं निवासी प्री सी ट्रेनिंग असतं, डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याची मान्यता असलेल्या संस्थेतच करायचं. दहावीला ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के लागतात, वय किमान साडेसतरा. म्हणजे तू आत्ता पात्रच नाहीस, आणि १६ वर्षाच्या मुलाला जहाजावर पाठवतो म्हणणारा माणूस खोटं बोलतोय हे इथेच सिद्ध झालं. मान्यताप्राप्त संस्थांची यादी डीजी शिपिंगच्या साइटवर असते. आणि जहाजावर भरती करणाऱ्या कंपनीकडे आरपीएसएल लायसन लागतं, तो नंबर मागायचा आणि त्याच साइटवर ताडून बघायचा. ज्याला नंबर विचारल्यावर राग येतो त्याच्याशी बोलणं तिथेच थांबवायचं. खोट्या कागदांवर परदेशी बंदरात नेऊन सोडलेल्या, पगार नाही पासपोर्ट नाही अशा अवस्थेत अडकलेल्या मुलांच्या बातम्या अधूनमधून येत असतात, त्या वडिलांना वाचायला दे.

कर्जाआधी मेडिकल. डीजी मान्य डॉक्टरकडून डोळे तपासून घे, विशेषतः रंग ओळखता येतात का ते, कारण रंगांधळेपणा निघाला तर हा रस्ता बंद आणि तो निघतो सगळे पैसे भरून झाल्यावर. आधी तपासलं तर निदान पैसे वाचतात.

साडेसतरा व्हायला दीड वर्ष आहे, तोवर रिकामा बसू नको. दोन पर्याय दिसतात मला. आयटीआय फिटर किंवा इलेक्ट्रिशियन कर, दोन वर्षात हातात ट्रेड येईल आणि समुद्राचं जमलं नाही तरी उपाशी राहणार नाहीस. किंवा गणिताची तयारी असेल तर अकरावी बारावी सायन्स कर, फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्समध्ये ६० टक्के आणि इंग्रजीत ५० काढ, मग आयएमयू सीईटी ही मर्चंट नेव्हीची प्रवेश परीक्षा देऊन ऑफिसरच्या बाजूने जाता येतं. खलाशी आणि ऑफिसर यांच्या पगारात, कामात, पुढे चढण्यात खूप अंतर आहे. मच्छीमाराचा मुलगा आहेस, समुद्राची भीती नाही, लाटेची सवय आहे, शहरातल्या मुलांपेक्षा ही तुझी जमेची बाजू, म्हणून मला वाटतं जरा जोर लावून दुसरा पर्याय बघ. ५८ टक्क्यांवर सायन्स कठीण जाईल, अशक्य नाही. अकरावीच्या पहिल्या चाचणीत काय होतंय ते बघून ठरव.

प्रश्न : मुलीला ९४ टक्के आहेत आणि ती आर्ट्स म्हणतेय!! आम्ही ठाण्यात राहतो, दोघंही आयटीत. तिला सायकॉलॉजी किंवा लॉ करायचंय. आमचं म्हणणं, आत्ता सायन्स घे, नंतर बदलता येतं. चूक आहे का?

उत्तर : सायन्सवरून आर्ट्सला येता येतं, आर्ट्सवरून सायन्सला जाता येत नाही, हे तुमचं बरोबर आहे. पण तिला जिथे जायचंय तिथे सायन्स लागतच नाही. पाच वर्षांच्या लॉला कुठल्याही शाखेची बारावी आणि सीईटी, बीए सायकॉलॉजीला तर आर्ट्सच सरळ. मग दोन वर्षं फिजिक्स केमिस्ट्री कशासाठी, फक्त आपल्या मनाच्या समाधानासाठी ना. आणि ९४ टक्के ही तिची कमाई आहे, ती वाया जाण्याचा प्रश्न येत नाही, चांगल्या कॉलेजच्या आर्ट्सला याच मार्कांनी ऍडमिशन मिळते आणि तिथे बरोबर बसणारी मुलंही तितकीच तयारीची असतात.

एकच सुचवते. गणित आवडत असेल तर आर्ट्समध्ये गणित किंवा इकॉनॉमिक्स ठेवायला सांगा, ज्या कॉलेजात ते कॉम्बिनेशन आहे ते बघा. सायकॉलॉजीत पुढे स्टॅटिस्टिक्स भरपूर येतं हे बऱ्याच मुलांना माहीतच नसतं. आणि सायकॉलॉजी म्हणजे बीए करून लगेच काउन्सेलिंग नाही, एमए आणि पुढचं ट्रेनिंग धरून सहा सात वर्षांची तयारी ठेवा. अकरावीच्या ऑनलाइन फॉर्मला दहा पर्याय भरता येतात, पहिला पर्याय लागला आणि घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून बाहेर पडावं लागतं, त्यामुळे पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाका जिथे ती नक्की जाणार आहे. तुम्ही दोघांनी मिळून तिच्यावतीने फॉर्म भरू नका, तिलाच भरू दे.

प्रश्न : आम्ही निपाणीचे, घरी मराठी. मुलाने इथेच मराठी शाळेतून दहावी केली, कर्नाटक बोर्ड. कोल्हापूरला पॉलिटेक्निकला टाकायचंय. महाराष्ट्राच्या कोट्यात बसतो का, का बाहेरचा धरतात?

उत्तर : बसतो. महाराष्ट्राच्या डिप्लोमा प्रवेशात सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे, टाइप ई म्हणतात. सीमाभागातली जी ८६५ गावं महाराष्ट्र मागतो त्यातल्या शाळेतून दहावी झालेली आणि मातृभाषा मराठी असलेली मुलं यात येतात, निपाणी त्यात आहे. ही सोय बऱ्याच घरांना माहीत नसते आणि मुलं इतर राज्याच्या खात्यात फॉर्म भरून मोकळी होतात, मग जागा हुकते.

याला दोन कागद जास्तीचे लागतात, सीमाभागातला रहिवासी असल्याचा दाखला आणि मातृभाषा मराठी असल्याचा शाळेचा दाखला, आणि दोन्ही ठरलेल्या नमुन्यातच पाहिजेत. नमुना माहितीपुस्तिकेच्या शेवटी छापलेला असतो, त्याची प्रिंट काढून शाळेत न्या आणि सही शिक्का त्यावरच घ्या, साध्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही आणि त्यासाठी परत निपाणीला हेलपाटा पडतो. फॉर्म भरताना टाइप निवडायच्या जागी घाई करू नका. कोल्हापूरच्या सरकारी पॉलिटेक्निकला फॅसिलिटेशन सेंटर असतं, सगळे मूळ कागद घेऊन मुलासकट तिथे जा, तपासणीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी नाही तर सुरुवातीलाच, म्हणजे काही राहिलं तर आणायला वेळ मिळेल. आणि गेलातच आहात तर कागदांचं झालं की वर्कशॉप दाखवा म्हणावं, नाही म्हणत नाहीत.